भरतीच्या टेबलावरची ॲपं: आधार स्कॅनर, डिजिलॉकर, उमंग आणि बाकीच्या सेवा

वाळूज, शेंद्रा, चिकलठाणा किंवा जालन्याची एमआयडीसी घ्या. टाइम ऑफिसच्या फायलीत नव्या कामगाराची ओळख म्हणून बहुतेक वेळा एकच कागद सापडतो: आधारची झेरॉक्स, खाली सही, बाजूला पंचची दोन भोकं. ती कोणी, कधी आणि कशाशी ताडून पाहिली याची नोंद नसते. ठेकेदाराने व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटोच प्रिंट करून लावलेला असतो. पुढे अपघात झाला, कामगार खात्याची तपासणी आली किंवा पीएफचा दावा अडला की तो कागद सगळ्यांच्या हातातून फिरतो आणि त्यातून काहीच सिद्ध होत नाही.

तपासणी करायची तर सरकारी सेवा फुकट आहेत आणि बहुतेक मोबाइलवर चालतात. भरतीच्या टेबलावर त्या किती उपयोगी पडतात आणि कुठे दगा देतात, ते सविस्तर सांगतो. ५० ते ३०० माणसांच्या कारखान्यात एचआरचं काम बघणारे, लेबर कॉन्ट्रॅक्टर आणि जिनिंग-ऑइल मिलवाले डोळ्यांसमोर ठेवून हे लिहिलं आहे.

आधी नेमकं काय तपासायचं ते. 'या माणसाला काम करायचा कायदेशीर हक्क आहे' असं सांगणारी एक खिडकी आपल्याकडे नाही. अमेरिकेत प्रत्येक नव्या माणसाचा आय-९ फॉर्म भरून, तो कामावर आल्यापासून ३ कामकाजी दिवसांत मालकाला मूळ कागद बघून सही करावी लागते. ब्रिटनमध्ये परदेशी उमेदवार ९ अक्षरांचा शेअर कोड देतो, मालक तो जन्मतारखेसह सरकारी साइटवर टाकतो. चुकीचा माणूस ठेवला तर पहिल्याच वेळी माणशी ४५,००० पौंडांपर्यंत दंड होतो. भारतात नागरिकाला नोकरीसाठी परवानगी लागतच नाही. त्यामुळे मालकाने बघायचं ते एवढंच: वय बसतं का, माणूस परदेशी असेल तर व्हिसा याच कामाचा आहे का, आणि काम परवान्याचं असेल तर परवाना खरा नि चालू आहे का. उत्तरं मात्र पाच-सहा ठिकाणी विखुरलेली आहेत.

सुरुवात आधारच्या क्यूआर स्कॅनरपासून, कारण सगळ्यात जास्त काम तिथे होतं. यूआयडीएआयचं (आधार देणाऱ्या सरकारी संस्थेचं) आधार क्यूआर स्कॅनर किंवा एमआधार, यांपैकी एक ॲप कंपनीच्या फोनवर घ्यावं. साध्या क्यूआर ॲपने आधार स्कॅन केलं तर नुसती लांबलचक आकड्यांची ओळ दिसते, आणि इथेच पुष्कळ जण 'चालत नाही' म्हणून सोडून देतात. बरोबर ॲपने स्कॅन केलं की नाव, जन्मतारीख, पत्ता, आधारचे शेवटचे चार आकडे आणि छोटासा फोटो स्क्रीनवर येतो. ही माहिती यूआयडीएआयच्या डिजिटल सहीने बांधलेली असते आणि सहीची तपासणी इंटरनेट नसतानाही होते. पत्र्याच्या शेडमध्ये रेंज नसली तरी अडत नाही.

आता स्क्रीनवरचा फोटो समोरच्या चेहऱ्याशी ताडायचा, कार्डावरच्या फोटोशी नाही. बनावट कार्डात खऱ्या माणसाचा क्यूआर तसाच ठेवून वरचा फोटो आणि नाव तेवढं बदललेलं असतं. कार्डाकडे बघत बसलात तर ते कधीच कळत नाही, स्कॅन केलं की दोन सेकंदांत उघडं पडतं. फोटो बारीक आणि धूसर असतो, दहा वर्षांपूर्वीचा असला तर चेहरा लवकर जुळत नाही. अशा वेळी घाईने माणसाला खोटं ठरवू नये, दुसरा फोटोवाला कागद मागावा.

स्कॅन न होण्याची कारणं ठरलेली आहेत. पहिलं लॅमिनेशन: ट्यूबलाइटची चमक पडते, म्हणून कार्ड तिरकं धरावं किंवा दारात उजेडाला न्यावं. दुसरं, गावातल्या सेवा केंद्रावर झेरॉक्सवरून काढलेलं 'स्मार्ट कार्ड', ज्यात क्यूआरचे ठिपके एकमेकांत मिसळलेले असतात. तिसरं, २०१८ च्या आधीचं जुनं पत्र, ज्यावरच्या क्यूआरमध्ये ना फोटो ना सही. तिन्हींवर उपाय एकच. उमेदवाराने मायआधार साइटवरून ताजं ई-आधार उतरवायचं. पीडीएफचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरं आणि जन्मवर्ष. उतरवताना मास्क्ड पर्याय निवडला तर पहिले आठ आकडे झाकले जातात. फायलीला तीच प्रत लावावी.

मायआधारवर नुसता १२ आकडी नंबर टाकून तपासायचीही सोय आहे. तिच्यावर भिस्त ठेवू नका. ती वयाचा पट्टा, लिंग, राज्य आणि मोबाइलचे शेवटचे तीन आकडे दाखवते. म्हणजे असा नंबर अस्तित्वात आहे एवढंच कळतं, तो समोरच्याचाच आहे हे कळत नाही. क्यूआर स्कॅनरला आमच्याकडून पाचपैकी साडेचार, या सोयीला दीड.

पण आधार दोन गोष्टी सांगत नाही: नागरिकत्व आणि पक्की जन्मतारीख. आधार रहिवाशाला मिळतं, १२ महिन्यांत १८२ दिवस राहिलेल्या परदेशी माणसालाही. पॅनही परदेशी माणूस काढू शकतो. आधार, पॅन किंवा मतदार ओळखपत्र जवळ असलं म्हणून कोणी आपोआप भारताचा नागरिक ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये एका जामीन प्रकरणात स्पष्ट म्हटलं. जन्मतारखेचं तसंच. पीएफ कार्यालयाने जानेवारी २०२४ मध्ये जन्मतारखेच्या पुराव्यांतून आधार काढून टाकलं.

मग वय कशावरून धरायचं? शाळेच्या कागदावरून. वयाचा वाद आला की बालन्याय कायद्याचं कलम ९४ आधी शाळेचा जन्मतारखेचा दाखला किंवा मॅट्रिकचं प्रमाणपत्र बघायला सांगतं, ते नसेल तर नगरपालिका-ग्रामपंचायतीचा जन्मदाखला. ऑक्टोबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच कलमाच्या आधारे आधारपेक्षा शाळा सोडल्याचा दाखला ग्राह्य धरला. आपल्याकडच्या टीसीचा मोठा प्रश्न सगळ्यांना ठाऊक आहे: १ जून. खेड्यातल्या शाळेत नाव घालताना गुरुजींनी अर्ध्या वर्गाची जन्मतारीख १ जून लिहिलेली असते. ती खोटी समजून फेकू नका. कायद्याच्या दृष्टीने नोंदलेली तारीख तीच, आणि १८ वर्षं त्याच तारखेपासून मोजायची. मात्र १ जूनला नुकतीच १८ पूर्ण झालेली पोरं मोठ्या संख्येने एकाच ठेकेदाराकडून आली, तर टीसीवरचा जनरल रजिस्टर नंबर वाचून शाळेला फोन करावा. मुख्याध्यापक रजिस्टर उघडून सांगतात. ही सेवा कुठल्याच ॲपमध्ये नाही आणि हिच्याइतकी खात्रीची दुसरी नाही.

वयाचं एवढं का ताणतो? १४ वर्षांखालचं लेकरू कुठल्याच कामावर ठेवता येत नाही, १४ ते १८ च्या मुलांना धोक्याच्या कामावर नाही. बालकामगार कायद्यात ६ महिने ते २ वर्षं कैद किंवा २०,००० ते ५०,००० रुपये दंड, किंवा दोन्ही आहे. भट्टीपाशी, रोलिंगवर १७ वर्षांचं पोरगं जायबंदी झालं, तर 'त्याने आधार दाखवलं होतं' हे सांगून कोणाचीच सुटका होऊ नये, असं आम्हाला मनापासून वाटतं. ऊसतोडीच्या टोळ्यांबरोबर शाळा सुटून हिंडलेली मुलं पुढे ठेकेदारामार्फत कारखान्याच्या दारात येतात. त्यांच्याकडे टीसी नसते, आधारवर फक्त जन्मवर्ष असतं. अशा मुलाची जन्मनोंद ग्रामपंचायतीतून मागवेपर्यंत त्याला कामावर घेऊ नका. मुकादम 'उद्या आणून देतो' म्हणाला तरी नाही.

शिक्षणाच्या कागदांसाठी डिजिलॉकर. ही सेवा २०१५ पासून आहे, आणि तिच्यातून थेट आलेला कागद २०१६ च्या नियमांनुसार मूळ प्रतीच्या बरोबरीचा धरला जातो. सगळी मेख 'थेट आलेला' या शब्दांत आहे. डिजिलॉकरमध्ये दोन कप्पे असतात. 'इश्यूड'मध्ये बोर्डाने किंवा खात्याने स्वतः पाठवलेले कागद येतात. 'अपलोडेड' किंवा ड्राइव्हमध्ये माणसाने स्वतः फोटो काढून टाकलेलं काहीही असू शकतं. उमेदवार फोन पुढे करून 'डिजिलॉकरला आहे, बघा' म्हणतो आणि आपण खुश होतो, पण कप्पा कुठला ते बघत नाही. त्याला आपल्यासमोरच लॉगिन करायला लावा, इश्यूडमध्ये जा आणि दहावीची गुणपत्रिका नव्याने ओढून घ्यायला सांगा.

गुणपत्रिकेवर विभागीय मंडळ जरूर बघा. छत्रपती संभाजीनगर, जालना, परभणी, बीड आणि हिंगोली संभाजीनगर मंडळाखाली येतात. लातूर, नांदेड, धाराशिव लातूर मंडळाखाली. नांदेडच्या शाळेच्या गुणपत्रिकेवर संभाजीनगर मंडळाचं नाव असलं, तर पुढे काही विचारायच्या आधी बैठक क्रमांक बोर्डाच्या पडताळणी साइटवर टाकून बघा. डिजिलॉकरला चार. अर्धा गुण कापला तो जुन्या वर्षांच्या गुणपत्रिका सगळ्यांच्या निघत नाहीत म्हणून, उरलेला अर्धा नावं जुळत नाहीत म्हणून.

नावांचा घोळ हा आपल्या भागातला सगळ्यात चिवट प्रकार. टीसीवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं. आधारवर नाव आधी. कुठे 'ज्ञानेश्वर', कुठे 'ज्ञानोबा', कुठे नावाला जोडून 'भाऊ' किंवा 'राव', तर कुठे तोच शब्द सुटा. लग्न झालेल्या बाईचं आधार सासरच्या नावाने, गुणपत्रिका माहेरच्या. यांतलं काहीच लबाडीचं नाही, पण संगणकाला ती वेगळी माणसं वाटतात. पॅन कार्डावर एक सोपी खूण आहे: दहापैकी चौथं अक्षर व्यक्तीसाठी पी असतं आणि पाचवं आडनावाचं पहिलं इंग्रजी अक्षर. संतोष पवार नावाच्या माणसाच्या पॅनचं पाचवं अक्षर एस निघालं, तर पॅन काढतानाच कोणीतरी संतोषला आडनावाच्या रकान्यात बसवलं आहे असं समजा. पॅन चालू आहे का, ते आयकराच्या साइटवर नाव, जन्मतारीख आणि ओटीपी देऊन कळतं. आधारशी न जोडलेल्या, बंद पडलेल्या पॅनवर जिथे टीडीएस लागतो तिथे तो २० टक्क्यांनी कापावा लागतो, म्हणून हे पगारपत्रक बनवायच्या आधीच बघावं.

आता उमंग, म्हणजे सरकारी सेवा एकत्र देणारं ॲप. १ ऑगस्ट २०२५ पासून नवा यूएएन (पीएफचा कायमचा सदस्य क्रमांक) आधारच्या चेहरा पडताळणीनेच काढायचा आहे. आधी मालक आपल्या पोर्टलवर नाव-नंबर टाकून मोकळा व्हायचा, आता माणूस समोर हजर लागतो. आम्ही या बदलाच्या बाजूने आहोत, कारण ओळख पटवण्याचं काम यात आपोआप होतं. दुसऱ्याच्या आधारवर यूएएन निघत नाही.

फोनवर उमंग आणि आधार फेस आरडी ही दोन्ही ॲपं लागतात. दुसरं नसेल तर पहिलं अर्ध्यात थांबतं. उमंगमध्ये ईपीएफओ (पीएफ कार्यालय) उघडायचं, चेहरा पडताळणीच्या यूएएन सेवांत जायचं, नवा यूएएन आणि सक्रिय करणे हा पर्याय घ्यायचा. आधार नंबर आणि आधारशी जोडलेला मोबाइल नंबर टाकायचा, संमतीला टिक करायची, ओटीपी द्यायचा, मग कॅमेऱ्याकडे बघून डोळे मिचकवायचे. चेहरा जुळला की यूएएन एसएमएसने येतो.

अडतं ते ओटीपीपाशी. आधारला दिलेलं सिम कधीच बंद पडलेलं असतं, नाहीतर नंबर गावी मोठ्या भावाकडे असतो. भाऊ शेतात, फोन घरी चार्जिंगला. आधार केंद्रावर जाऊन नंबर बदलायचं शुल्क ऑक्टोबर २०२५ पासून ७५ रुपये आहे. म्हणून मुलाखतीला बोलावतानाच 'आधारला जोडलेलं सिम चालू ठेवून सोबत आणा' असा मेसेज पाठवा. एका ओळीच्या मेसेजने एक फेरी वाचते. चेहऱ्याला नकार आला तर आधी माणसाच्या पाठीमागचा उजेड बघा. शेडच्या उघड्या शटरकडे पाठ करून उभं राहिलं की चेहरा काळा येतो. शटरकडे तोंड करा, सेफ्टी गॉगल आणि टोपी काढा, कॅमेऱ्याची काच रुमालाने पुसा.

यूएएन आधीच असल्याचा संदेश आला तर तो जुनाच घ्या, दुसरा काढायची खटपट करू नका. माणूस पूर्वी चाकणला एखाद्या ठेकेदाराकडे असतो, पीएफ कापला होता हे त्याला माहीतही नसतं. जुन्या मालकाने सोडल्याची तारीख भरली नसेल तर दोन नोकऱ्या एकमेकींवर चढतात आणि पुढे पैसे वळते करताना अडतं. शेवटचा हप्ता भरून दोन महिने झाले की सदस्य ती तारीख स्वतः टाकू शकतो, हे कामगाराला सांगा. जानेवारी २०२५ पासून आधारशी पडताळलेल्या, ऑक्टोबर २०१७ नंतरच्या यूएएनवर नाव-जन्मतारखेची दुरुस्तीही सदस्याला स्वतः करता येते. उमंगला साडेतीन. कल्पना उत्तम, पण बंद सिमवाल्यासाठी जवळची वाट नाही.

याच नियमात नेपाळ-भूतानचे नागरिक आणि आंतरराष्ट्रीय कामगार यांना चेहरा पडताळणीतून वगळलं आहे. नेपाळी माणसाला भारतात राहायला आणि काम करायला व्हिसा लागत नाही, १९५० च्या कराराने ते मान्य आहे. वॉचमन किंवा कुक म्हणून आलेल्या नेपाळी माणसाकडे त्याचा पासपोर्ट किंवा नेपाळची नागरिकता बघावी आणि त्याचीच नोंद ठेवावी. घाबरून त्याला भारतीय कागद काढायला लावू नये, त्यानेच तो खोट्या कागदाच्या वाटेला लागतो.

बाकी परदेशी माणसांसाठी ई-एफआरआरओ, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणीची सरकारी साइट. ऑरिक या औद्योगिक नगरीमुळे शेंद्र्याला कोरियन इंजिनिअर दिसतात, झेकही. त्यांचा एम्प्लॉयमेंट व्हिसाच पाहिजे. बिझनेस व्हिसावर मीटिंग होते, नोकरी होत नाही. टुरिस्ट आणि स्टुडंट व्हिसावर तर नाहीच. काही सवलती सोडल्या तर पगार वर्षाला १६ लाख २५ हजारांच्या वर असावा लागतो, आणि व्हिसा त्या एका कंपनीशी बांधलेला असतो. व्हिसा १८० दिवसांपेक्षा जास्तीचा असेल तर आल्यापासून १४ दिवसांत नोंदणी. अर्ज ऑनलाइन होतो, कागद अपलोड करायचे. जिल्ह्यात परदेशी नागरिकांची नोंद पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या विदेशी शाखेत असते. १ सप्टेंबर २०२५ पासून नवा इमिग्रेशन आणि फॉरेनर्स कायदा लागू आहे, तेव्हा जुन्या १९४६ च्या कायद्याचे नमुने फायलीत चिकटवत बसू नका. कोरिया आणि झेक प्रजासत्ताक दोघांशीही भारताचा सामाजिक सुरक्षा करार आहे. तिकडचं सर्टिफिकेट ऑफ कव्हरेज (तिकडच्या सामाजिक सुरक्षेत असल्याचा दाखला) असेल तर इथे पीएफ लागत नाही. ओसीआय कार्डवाल्याला (परदेशी नागरिकत्व असलेल्या मूळ भारतीयाला) खासगी नोकरीसाठी वेगळा व्हिसा लागत नाही. ई-एफआरआरओला तीन: काम होतं, पण एक कागद कमी पडला तर अर्ज परत येतो आणि कारण एका ओळीत असतं.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. पश्चिम बंगाल, बिहार, ओडिशा, उत्तर प्रदेशची माणसं जालन्याच्या सळईच्या कारखान्यांत वर्षानुवर्षं राबतात. बोलीवरून किंवा नावावरून कोणाला परका ठरवून गेटवरून परत पाठवू नका. जो कागद बीडच्या पोराकडे मागता, तोच बंगालमधल्या मालद्याच्या पोराकडे मागा, एक जास्त नको आणि एक कमी नको. आणि कोणाचाही मूळ कागद ठेवून घेऊ नका. 'सहा महिने काम कर, मग टीसी देतो' हा जो ठेकेदारांचा रिवाज आहे, तो माणसाला बांधून ठेवण्याचा प्रकार आहे आणि वेठबिगारीला १९७६ पासून कायद्याने बंदी आहे.

ड्रायव्हरसाठी सारथी ही लायसन्सची सरकारी साइट पुरते. लायसन्स नंबर आणि जन्मतारीख टाकली की कुठल्या आरटीओचं, कुठल्या वर्गाचं, कधीपर्यंतचं ते दिसतं. एमएच-२० ते एमएच-२६ आणि हिंगोलीचं एमएच-३८ हे आपले जिल्हे. ट्रान्सपोर्ट लायसन्स ५ वर्षांचं असतं, ज्वलनशील माल नेणाऱ्याचं ३ वर्षांचं. लाइट मोटर लायसन्सवर ७,५०० किलोपर्यंतचं मालवाहू वाहन चालवता येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मान्य केलं. त्यामुळे छोटा टेम्पो चालवणाऱ्याला वेगळ्या शेऱ्यासाठी अडवू नका. सेवेला साडेचार. बॉयलर अटेंडंट आणि वायरमनच्या परवान्यांना अशी झटपट सोय नाही. साखर कारखान्याच्या हंगामात बॉयलरवर बसणाऱ्याचा सक्षमता दाखला मूळ स्वरूपात बघून, नंबर घेऊन बाष्पके संचालनालयाकडे विचारावं.

पोलिसांचा चारित्र्य पडताळणी दाखला राज्याच्या पोलीस क्लिअरन्स साइटवर अर्ज करून मिळतो. कंपनीचं पत्र, ओळख, पत्ता आणि वयाचा पुरावा जोडायचा, मग राहत्या हद्दीच्या ठाण्यात बोलावणं येतं. सिक्युरिटी आणि कॅश हाताळणाऱ्यांसाठी घ्यावा, सगळ्यांसाठी नको. वेळेची खात्री नाही आणि नागरिकत्वाबद्दल तो काहीच सांगत नाही. परराज्यातल्या माणसाचा इथला दाखला इथल्या वास्तव्यापुरता असतो. अडीच.

राहिल्या माणशी पैसे घेऊन पडताळणी करणाऱ्या खासगी एजन्सी. त्यांच्या रिपोर्टवर हिरवी खूण असते. ती खूण कशाची हे करार करायच्या आधी लेखी घ्या: आधारची डिजिटल सही तपासली की नुसता नंबर चालू आहे एवढं बघितलं? टीसीसाठी शाळेला फोन केला की झेरॉक्सवरची माहिती टाइप केली? पत्त्यावर माणूस गेला की मोबाइलचं लोकेशन घेतलं? उत्तर गोलगोल आलं तर ते पैसे वाचवा. त्याऐवजी टाइम ऑफिसच्या एका पोराला दिवसभर बसवून वरची ॲपं शिकवा, आणि त्याच्यासमोर एक वही ठेवा: तारीख, कामगाराचं नाव, कुठला कागद, कुठल्या ॲपवर पाहिला, आधारचे शेवटचे चार आकडे, पाहणाऱ्याची सही.